इंजिन रात्रीत खाली येतं, रिव्हर्सला वर उसळतं

*काका, नमस्कार. मी देवबागचा. संगम, डॉल्फिन, त्सुनामी बेट अशा फेऱ्या मारतो. गेल्या वर्षी सेकंडहँड फायबरची बोट घेतली. मागे ६० हॉर्सपॉवरचं जपानी फोर-स्ट्रोक इंजिन आहे. यंदा सप्टेंबरमध्ये बोट पाण्यात उतरवली त्याच आठवड्यात बॅटरी उतरली, म्हणून बाजूचा स्क्रू सोडून आम्ही तिघांनी इंजिन हातानं वर उचललं. त्यानंतर काही दिवसांनी बघतो तर संध्याकाळी वर करून ठेवलेलं इंजिन सकाळी पाण्यात. आता रिव्हर्स टाकला की इंजिन आपोआप वर उसळतं, म्हणून मी ते खाली दोरीनं बांधून ठेवतो. तेल कमी आहे म्हणून एका मेकॅनिकनं ब्रेक ऑइल भरलं. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. कधी कधी वरचं बटण दाबलं तर नुसतं 'टक' वाजतं, इंजिन हलत नाही. खालचं बटण मात्र चालतं. मेकॅनिक म्हणतो, "पंप गेलो, नवो घाल." नव्या युनिटचा आकडा ऐकून झोप उडाली आहे. दिवाळीची गर्दी तोंडावर आहे. नवा पंप घालू का?*

नको. तुझ्याच पत्रावरून सांगतो, पंप गेलेला नाही.

संध्याकाळी बटण दाबल्यावर इंजिन पूर्ण वर जातं ना? शंभर किलोच्या वरचं ते धूड पंप उचलतो, म्हणजे पंप काम करतो आहे. झिजलेला पंप इंजिन उचलताना रडतो, अर्ध्यावर थांबतो, मोटर नुसती भिरभिरते. इंजिन एकदा वर गेलं की पंपाचं काम संपलं. रात्रभर ते वर धरून ठेवणं हे वॉल्व्हचं आणि सीलचं काम आहे. आणि तुझं दुखणं धरून ठेवण्याचं आहे, उचलण्याचं नाही. 'टक'ची भानगड निराळी. ती विजेची आहे, तिच्याकडे नंतर येतो. दोन आजार एकात एक मिसळले की माणूस घाबरून सगळंच बदलायला निघतो.

पण त्याआधी ती दोरी आजच्या आज सोड, आणि रिव्हर्स पक्का होईपर्यंत बोटीत पर्यटक घेऊ नकोस. दिवाळीच्या तोंडावर हे सांगणं मला जड जातं आहे, तरी सांगतो. बेटाला बोट लावताना तू ब्रेक म्हणून रिव्हर्स वापरतोस. आजूबाजूला कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी असतात, पोरं असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही. अशा वेळी इंजिन उसळलं तर फिरता पंखा पाण्याच्या पृष्ठभागाला येतो, बोट थांबत नाही आणि ती त्या माणसांवरच सरकत असते. कर्ली नदीच्या मुखाशी लाट उठलेली असताना बोट मागे घ्यायची वेळ आली तर तीच गत.

दोरीनं हे सावरत नाही, उलट दुसरा धोका वाढतो. इंजिनाला वर उचलणारा टिल्ट सिलिंडर म्हणजे धक्का सोसणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बरही आहे. पुढे जाताना पंखा वाळूवर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर आपटला तर दट्ट्यातले छोटे वॉल्व्ह उघडतात, इंजिन वर झुलतं आणि मग खाली बसतं. दोरीनं बांधलेलं इंजिन झुलू शकत नाही. मग तो सगळा धक्का ब्रॅकेटला, म्हणजे इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या पकडीला, आणि ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला बसतो. संगमाची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसरं म्हणजे, टिल्ट लॉकचा खटकाही रिव्हर्ससाठी उपयोगाचा नाही. तो वर गेलेलं इंजिन खाली पडू नये म्हणून असतो, खालचं वर उसळू नये म्हणून नाही.

आता यंत्रणा समजून घे, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. ब्रॅकेटच्या मधोमध बसवलेल्या त्या युनिटमध्ये तेलाची एक छोटी टाकी, एक विजेची मोटर, तिच्याखाली गियर पंप आणि वॉल्व्हचा ठोकळा असतो. बहुतेक युनिटमध्ये दोन बाजूंच्या दोन आखूड दांड्या ट्रिमच्या. त्या इंजिनाला फक्त ढकलतात, साधारण पहिले २० अंश, बोट वेगात असताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली करण्यापुरतं. त्यापुढे इंजिन पाण्याबाहेर काढते ती मधली लांब टिल्टची दांडी. तेल दाबलं तरी आकसत नाही. दट्ट्याच्या खाली तेल कोंडलं की इंजिन वर राहतं. दट्ट्याच्या वर कोंडलं की रिव्हर्सचा पंखा कितीही ओढो, इंजिन उसळत नाही. खालचं तेल एका वॉल्व्हनं कोंडतं, वरचं दुसऱ्यानं.

तुझ्या इंजिनात हे दोन्ही कोंडमारे एकाच वेळी सैल झालेत. ते खाली उतरतंही आणि वर उसळतंही. दोन वेगवेगळे वॉल्व्ह एकाच आठवड्यात बिघडले असं क्वचित घडतं. दोन्ही बाजूंचं तेल एकाच ठिकाणाहून टाकीत सोडणारी वस्तू त्या युनिटमध्ये एकच आहे, मॅन्युअल रिलीज वॉल्व्ह. म्हणजे बॅटरी उतरली त्या दिवशी तू सोडलास तोच बाजूचा स्क्रू. त्या दिवसापर्यंत इंजिन ठीक होतं, त्यानंतर बिघडलं. उत्तर तू स्वतःच पत्रात लिहून पाठवलं आहेस.

स्क्रू पूर्ण बसलेला नसेल, किंवा घट्ट बसवायच्या नादात जास्त पिळला गेला असेल आणि त्यावरची ओ-रिंग कापली गेली असेल, किंवा स्क्रूचं टोक जिथे टेकतं त्या बसकीत वाळूचा कण अडकला असेल. तिन्हींचा परिणाम सारखाच.

तेव्हा पहिलं काम फुकटचं. बोट किनाऱ्यावर ओढून घे, इंजिनाचा तो भाग गोड्या पाण्यानं धू, कोरडा कर. इंजिन पूर्ण खाली असताना, रुंद आणि नीट बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरनं तो स्क्रू हलक्या हातानं पुरता बंद कर. बहुतेक इंजिनांवर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बंद होतो, तरी तुझ्या मॅन्युअलमधली दिशा बघून घे. टेकला की थांब. मग इंजिन पूर्ण वर कर, खाली एक कोरडा पुठ्ठा टाक आणि पंख्याच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेव. एका तासानं मोज, सकाळी पुन्हा मोज. दिवसा तापलेलं तेल रात्री गार होऊन थोडं आकसतं, त्यामुळे बोटभर फरक पडला तर मनावर घेऊ नकोस. इंजिन वीतभर खाली आलं तर गळती आहेच. पुठ्ठ्यावर तेल दिसलं तर ती बाहेरची गळती, दांडीच्या सीलपाशी किंवा एखाद्या जोडापाशी. पुठ्ठा कोरडा आणि इंजिन खाली, तर तेल आतल्या आतच टाकीत परत जातं आहे. बाहेरची गळती नेमकी कुठून आहे हे कळत नसेल तर सगळं पुसून दांड्यांच्या तोंडाशी खडूची पूड भुरभुरव. जिथे ओल उमटेल ती जागा.

ही मोजणी चालू असताना टिल्ट लॉक लावायचा नसतो, नाहीतर इंजिन त्यावरच टेकेल. म्हणून तेवढा वेळ इंजिनाखाली कुणी जायचं नाही, पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.

स्क्रू बंद करूनही इंजिन उतरलं तर तो काढून बघावा लागेल. इथे माझं ऐक, घाई करू नकोस. इंजिन पूर्ण वर घे, लॉक लाव, आणि लॉकवर भरवसा न ठेवता इंजिन वरून चेन-ब्लॉकला किंवा भक्कम तिकाटण्याला टांगून घे. उमेदवारीच्या दिवसांत एका यार्डात मी पाहिलं आहे. माझ्याबरोबरच्या मुलानं लॉक न लावता हाच स्क्रू सोडला आणि दुसरा हात ब्रॅकेटच्या फटीत ठेवला. इंजिन बसलं तेव्हा त्याला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्याची दोन बोटं गेली. म्हणून हा स्क्रू कुणी 'जरा सोडून बघूया' म्हटलं की मी आजही आधी लॉककडे बघतो.

इंजिन टांगल्यावर स्क्रू हळूहळू सोड, आत दाब असेल तर तो आधी निघून जाऊ दे. तोंडाशी एक सर्क्लिप, म्हणजे अडकवणारी छोटी कडी असते, ती काढल्यावर वॉल्व्ह पूर्ण बाहेर येतो. थोडं तेल येईल, ते भांड्यात धर. ओ-रिंगांवर काप, चपटेपणा, फुगीरपणा दिसतो का बघ. वॉल्व्हचं टोक आणि आतली बसकी टॉर्चच्या उजेडात बघ. नव्या ओ-रिंगा त्याच कंपनीच्या किटमधल्या घे. हार्डवेअरच्या दुकानातली 'साधारण तेवढीच' दिसणारी ओ-रिंग इथे चालत नाही. नवी ओ-रिंग तेलात बुडवून बसव, कोरडी बसवलीस तर आट्यांवर कापली जाईल. आणि वॉल्व्ह काढण्याआधी आजूबाजूची वाळू धुऊन काढ. तेल एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या चेक वॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण गेला तरी आज आहे तेच दुखणं परत येईल, आणि तेव्हा तो कण शोधायला अख्खं युनिट खोलावं लागेल.

एवढ्यावर तुझं काम भागलं असतं, पण ब्रेक ऑइलनं घात केला आहे.

ट्रिमच्या युनिटमध्ये कुठलं तेल घालायचं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. यामाहा आणि सुझुकीच्या आउटबोर्डला डेक्सरॉन जातीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गियरच्या गाड्यांचं ते लाल तेल चालतं. मर्क्युरीचं स्वतःचं वेगळं तेल आहे. ब्रेक ऑइल यातल्या कशातच बसत नाही. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हेच, ग्लायकॉलचं रसायन आहे. ब्रेकमधले रबर त्याला सोसणाऱ्या वेगळ्या जातीचे असतात. ट्रिमच्या सिलिंडरातले सील बहुधा नायट्रिलचे असतात, आणि नायट्रिल ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. दोन-तीन दिवस बरं वाटलं ते याचमुळे असणार. तेलाची पातळी भरली, त्यात सील फुगून घट्ट बसले. मग फुगलेलं रबर मऊ पडतं, दट्ट्याच्या घर्षणानं त्याचे कपचे निघतात आणि ते कपचे वॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. त्या मेकॅनिकनं वाईट हेतूनं केलं असेल असं मी म्हणत नाही, पण चूक मोठी आहे आणि ती जितके दिवस आत राहील तितकी महाग पडेल.

किती ब्रेक ऑइल आत गेलं आहे हे घरच्या घरी बघता येतं. इंजिन पूर्ण वर, लॉक लावलेलं. तेल भरण्याचं झाकण याच स्थितीत उघडायचं. इंजिन खाली असताना उघडलंस तर तेलाची चिळकांडी तोंडावर येऊ शकते. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून टाकीच्या तळातलं थोडं तेल काढ आणि स्वच्छ काचेच्या बाटलीत रात्रभर ठेव. ब्रेक ऑइल एटीएफपेक्षा जड असतं आणि त्यात मिसळत नाही. सकाळी वर लाल आणि खाली पिवळट असे दोन थर दिसले तर संशय नको. खात्री हवीच असेल तर खालच्या थराचे दोन थेंब पाण्यात टाक. तेल तरंगतं, ब्रेक ऑइल विरघळून जातं. आणि सगळंच सोलकढीसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर आत पाणीही शिरलं आहे, म्हणजे दांडीचं सील किंवा झाकणाची ओ-रिंग बाहेरून पाणी आत घेते आहे. ब्रेक ऑइल हाताला लागलं तर धुऊन टाक, आणि इंजिनाच्या रंगावर सांडलं असेल तर तेही लगेच धू. ते रंग उचकटतं.

बाटलीत दोन थर दिसले तर नुसती ओ-रिंग बदलून थांबू नकोस. युनिट उतरवून घ्यावं लागेल आणि सीलचं पूर्ण किट टाकावं लागेल. टिल्टचा दट्ट्या, ट्रिमच्या दोन्ही दांड्या, मॅन्युअल वॉल्व्ह, टाकीचं झाकण, सगळीकडचे सील. हा खर्च आहे, पण नव्या युनिटच्या तुलनेत फार कमी. हे काम तू स्वतः करू नकोस असं माझं मत आहे. आत स्प्रिंगा आणि बारीक गोळ्या असतात, त्या हरवल्या की युनिट खरोखरच भंगारात जातं. मात्र कुणाकडे देतोस त्याला एक प्रश्न आधी विचार, सिलिंडरच्या टोप्या उघडायचा पिन स्पॅनर तुमच्याकडे आहे का? त्या टोप्यांना दोन भोकं असतात, स्पॅनर त्यात बसतो. ज्याच्याकडे तो नाही तो छिन्नी-हातोडा घेतो, आणि छिन्नीनं खाल्लेली टोपी मग कधीच नीट बसत नाही. दुसरं, युनिट खोलल्यावर प्रत्येक भाग आणि तेलाची प्रत्येक वाट नव्या एटीएफनंच धुवायची. पेट्रोल किंवा थिनरनं धुतलेले सील चालणार नाहीत, आणि चिंधीनं पुसलंस तर तिचा धागा वॉल्व्हमध्ये राहतो.

दांड्यांवरही नजर टाकायला सांग. चकचकीत दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही महिनाभरात कापलं जाईल. बारीक डाग चालून जातात, नखाला लागणारा खड्डा चालत नाही.

युनिट बसवल्यावर तेल भरणं हे तू करू शकतोस. इंजिन वर, लॉक लावून, भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल. झाकण लाव, लॉक काढ, इंजिन पूर्ण खाली आणि पूर्ण वर असं चार-पाच वेळा कर. मध्ये मध्ये मोटरला श्वास घेऊ दे. ती सतत चालवायला बनवलेली नाही, तापते. वर आणून लॉक लावून पाच मिनिटं थांब, हवा वर येऊ दे, पातळी पुन्हा बघ आणि भर. तेलात फेस दिसेनासा होईपर्यंत हे करायचं. हवा राहिली तर इंजिन स्पंजासारखं हलतं, आणि नवीन सील टाकूनही काही उपयोग झाला नाही असं वाटून तू उगाच निराश होशील.

आता 'टक'.

तो आवाज चांगली बातमी आहे. बटण दाबलं की रिलेच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या विजेच्या खटक्याच्या, गुंडाळीला वीज मिळते, म्हणून टक होतं. म्हणजे फ्यूज शाबूत, बटण शाबूत, तिथपर्यंतची वायरही शाबूत. बिघाड त्याच्या पुढे आहे. खालचं बटण चालतं म्हणजे मोटरही पूर्ण मेलेली नाही.

पहिला संशय बॅटरीवर. पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट पर्यटनाच्या बोटी बंद. तीन महिने बॅटरी तशीच बोटीत पडून राहिली असणार, म्हणूनच सप्टेंबरमध्ये ती उतरली. अशी उपाशी राहिलेली बॅटरी चार्ज केली तरी पूर्वीची ताकद परत येईलच असं नाही. खाली जाताना इंजिनाचं वजन मदतीला असतं, वर जाताना तेच वजन उचलायचं असतं. त्यामुळे बॅटरी कमजोर पडली की आधी वरचं बटण रुसतं. मल्टिमीटर घे. इंजिन बंद, बॅटरी काही तास निवांत ठेवलेली, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी. मग कुणाला तरी वरचं बटण दाबायला सांग आणि त्याच क्षणी बॅटरीवर मीटर धर. आकडा १० च्या खाली कोसळला तर दोष बॅटरीचा.

बॅटरी चांगली निघाली तर रिलेकडे ये. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, बरेच लोक तिच्यापायी चुकतात. मोटरला दोनच वायरी असतात, बहुतेक इंजिनांवर निळी आणि हिरवी. वरचं बटण दाबलं की वरचा रिले निळ्या वायरीत प्लस सोडतो, आणि हिरव्या वायरीतून मायनस परत जातो तो आराम करत असलेल्या खालच्या रिलेतून. म्हणजे इंजिन वर जात नसेल तर दोष वरच्या रिलेतही असू शकतो आणि खालच्याही. नुसता वरचा रिले बदलून 'काही फरक नाही' म्हणणारे मी कित्येक पाहिले. काही इंजिनांवर दोन्ही रिले एकाच डबीत असतात, मग प्रश्नच मिटला, डबी बदलायची. सुटे असतील तर दोघांची अदलाबदल कर. दोष एका बटणावरून दुसऱ्या बटणावर गेला किंवा त्याचं रूप पालटलं, तर रिलेच बदलायचे, आणि बदलायचे तर जोडीनं बदल.

मोटरच्या जोडापाशी मीटर लावून वरचं बटण दाब. मोटर जोडलेलीच ठेवायची, सोडायची नाही. आतून हिरवी पडलेली वायर सुटी असताना मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि भार आला की हात वर करते. जोडापाशी व्होल्ट येतात आणि मोटर गप्प, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं मोटरच्या डब्यावर हलकी टिचकी मार. चालू पडली तर आतले कार्बनचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणारे ठोकळे, संपत आले आहेत. डब्यावरचा रंग फुगून त्याखाली गंज दिसत असेल तर मोटरमध्ये खारं पाणी गेलं आहे. तरी तेव्हाही मोटर वेगळी मिळते, त्यासाठी पूर्ण युनिट घ्यायची गरज नसते.

रिलेला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढ आणि काउल, म्हणजे इंजिनावरचं टोपण, उघडून पेट्रोलची वाफ निघून जाऊ दे. फ्यूज उडत असेल तर त्या जागी वायरचा तुकडा किंवा जास्त अँपियरचा फ्यूज कधीही टाकू नकोस. शेजारी पेट्रोल आहे.

नवं युनिट कधी घ्यायचं, तेही सांगतो. वॉल्व्हच्या ठोकळ्याला तडा गेला असेल, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडले असतील, किंवा दांड्या खड्ड्यांनी भरल्या असतील आणि सुट्या मिळत नसतील, तर दुरुस्तीत पैसे घालवू नकोस. हे युनिट खोलल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तेव्हा न खोलता 'नवो घाल' म्हणणाऱ्याला नम्रपणे सांग की आधी खोलून दाखवा.

यापुढे रोज संध्याकाळी बोट नांगरून इंजिन वर केल्यावर, लॉकचा खटका लावलास की खालचं बटण थोडा वेळ दाबून ठेव. इंजिन लॉकवर टेकेल आणि ट्रिमच्या आखूड दांड्या सिलिंडरात परत जातील. बाहेर राहिलेल्या दांड्यांवर मीठ बसतं, खडकाला चिकटतात तसले पांढरे कवचांचे जीव बसतात, आणि पुढच्या वेळी दांडी आत जाताना सील त्यांच्यावर घासून कापलं जातं. कवचं बसलीच तर लाकडाच्या चिपेनं काढ, पातं लावू नकोस. दिवसाची शेवटची फेरी झाली की ब्रॅकेटवर गोड्या पाण्याची एक बादली ओत, ग्रीसच्या निपलांना महिन्यातून एकदा ग्रीस दे. ब्रॅकेटवरच्या झिंकच्या वडीला रंग लावू नकोस, रंगवलेली वडी गंज स्वतःवर ओढून घेऊ शकत नाही.

आज दोरी सोड, स्क्रू बंद करून टेपनं मोज, आणि बाटली रात्रभर खिडकीत ठेव. सकाळी तेल एकसारखं लाल दिसलं आणि इंजिन जागेवर राहिलं, तर आधी रिकामी बोट घेऊन खाडीच्या शांत पाण्यात रिव्हर्स टाकून बघ. आधी हळू, मग थोडा जोर देऊन. इंजिन तसूभर उसळलं नाही तरच पर्यटक बसव. बाटलीत दोन थर दिसले तर मात्र युनिट उतरवायलाच हवं. तसं झालं तर थरांचा फोटो आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर पाठव. कुठलं किट मागवायचं ते कळवतो.